ओरखडा आणि अकरा दिवसांचं मौन

खोटं न बोलण्याचा नेम मी चौतीस वर्षं पाळते आहे. त्यात माझा मोठेपणा काही नाही. जिला पहाटे उठल्यापासून आठ वाजेपर्यंत मौन, दुपारी पोथीचं एक पान आणि संध्याकाळी जप, त्या बाईला खोटं बोलायला वेळ मिळणार कधी? शिवाय आवाज चढवायचा नाही, हाही एक नेम आहे. हळू आवाजात बोललेलं खोटं कोणाला ऐकूच जात नाही, त्यामुळे ते बोलून काही साधत नाही. तेव्हा नेम आपोआप पाळला जात होता. मग आमच्याकडे नवी गाडी आली, आणि या बाईची परीक्षा घ्यायची राहून गेली आहे हे देवाच्या लक्षात आलं.

आमचे हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे कोणतीही वस्तू सांगतात त्यापेक्षा थोडी कमीच भरणार, अशी यांची श्रद्धा आहे. गाड्यांच्या दालनात पाऊल टाकल्या टाकल्या यांनी खिशातून टेप काढली. विक्रेता भला माणूस. तो टेपचं दुसरं टोक धरून यांच्याबरोबर गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "सर, ही कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. बाहेरून लहान, आतून मोठी."

असं वर्णन मी तोवर फक्त संतांचं वाचलं होतं. मी तिथेच होकार दिला.

गाडी माझ्या नावावर झाली ती कागदपत्रांमुळे. यांच्या ओळखपत्रावरच्या फोटोत भरघोस केस आहेत. खिडकीपलीकडच्या कारकुनानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे तुम्हीच, याचा दाखला आणा." केस गेल्याचा दाखला कोण देतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. माझ्या फोटोत मी जशी आहे तशीच आहे, डोळे मिटलेली. तेव्हा मालक म्हणून माझं नाव लागलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "नाव तुझं, चावी माझी." मी मान हलवली. मला चावीचा मोह नव्हता. जुन्या छोट्या गाडीनं मी बाजारात जात असे, परवानाही आहे. पण मला फक्त पुढे जाता येतं. मागे येण्याचं काम मी लग्न झाल्यापासून यांच्यावर सोपवलं आहे.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाडी ठेवायची आमची जागा म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खांब. खांबाला खाली पिवळे-काळे पट्टे आहेत आणि त्या पट्ट्यांवर इमारतीतल्या सगळ्या गाड्यांच्या खुणा आहेत. इतक्या, की नवी कोणती आणि जुनी कोणती हे खांबालाही सांगता येणार नाही. नवीन गाडी तिथे लावली की दोन्ही बाजूंना एकेक वीत उरायची आणि पुढचं टोक थोडं रस्त्यात यायचं. हे रोज संध्याकाळी वाकून दोन्हीकडची वीत मोजायचे.

शेजाऱ्यांनी सल्ल्यात काही कमी केलं नाही. इमारतीचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "वहिनी, पहिल्या महिन्यात काळजी घेतलीत की पुढे निभतं. कीड सुरुवातीलाच लागते." दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की पहिला ओरखडा पडेपर्यंत माणसाला झोप नसते, तो एकदाचा पडला की बरं वाटतं. तळमजल्यावरच्या शिंप्यानं आसनांना खोळी शिवून देतो म्हणून गाडीचं माप घेतलं. यांनी ते पुन्हा घेऊन तपासलं, आणि दोघांच्यात चार बोटांचा फरक निघाल्यावर खोळींचा विषय मागे पडला.

गाडी आल्याच्या पाचव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी सव्वासहाला मी पाखरांना दाणे घालायला खाली गेले. तोही माझा नेमच. मौन चालू होतं. तेवढ्यात पाण्याचा टँकर फाटकातून आत आला आणि आमच्या गाडीच्या पुढच्या टोकाशी येऊन थांबला. पुढे जायला त्याला हातभर जागा कमी पडत होती. टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मावशी, गाडी कोणाची?"

मी छातीवर हात ठेवला.

"मग काढा की! पाच इमारती करायच्यात मला अजून."

मी वर गेले. हे आंघोळीला गेले होते. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण आहे?" मौनात असलेल्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही. मी पुन्हा वाजवलं. "अरे, कोण आहे?" असं तीनदा झाल्यावर मी खुंटीवरची चावी घेतली.

गाडी बाहेर काढणं सोपं होतं, ते पुढे जाणंच होतं. टँकरवाल्यानं टाकी भरली, मान डोलावली आणि निघून गेला. फाटकाशी कोणी नव्हतं. आमचे वॉचमन तेव्हा जागेवर नव्हते, म्हणून मीच फाटक ओढून घेतलं. आता गाडी परत लावायची होती. मी देवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात, आणि उलटा गिअर टाकला.

त्याबरोबर गाडी ओरडायला लागली.

जुनी गाडी अशी नव्हती. ती आपटेपर्यंत काही बोलत नसे. ही आधीपासूनच टीं-टीं करायला लागली, आणि मी जसजशी मागे जाऊ लागले तसतसा तिचा आवाज वाढत गेला. सकाळची वेळ, पाखरं दाण्यांवर आलेली, माझं मौन चाललेलं, आणि हा कलकलाट. मौन म्हणजे फक्त तोंड बंद ठेवणं नव्हे. आपल्यामुळे आवाज होऊ द्यायचा नाही, असं मला शिकवलेलं आहे. समोर बारीकबारीक बटणं होती. एकावर गाडीचं चित्र आणि आवाजाच्या लाटा होत्या. ते मी दाबलं. गाडी गप्प झाली. मला फार बरं वाटलं.

मग कर्रर्र झालं.

खाली उतरून पाहिलं. निळ्याशार दारावर हातभर लांब ओरखडा आणि त्यात पिवळा रंग. मी गाडी आणखी थोडी हलवून नीट लावली, चावी खुंटीला अडकवली आणि देवासमोर बसले. आठ वाजता मौन सुटेल तेव्हा यांना सांगायचं, असं ठरवलं. वाक्यही जुळवलं होतं: 'अहो, रागावू नका, गाडी मी ठोकली.' सात शब्द सुद्धा नाहीत. पण सव्वासातला हे मऊ फडकं घेऊन गाडी पुसायला खाली गेले, आणि त्यानंतर जो आवाज आला त्यानं उरलीसुरली पाखरंही उडाली.

आठ वाजेपर्यंत आमच्या बैठकीत सेक्रेटरी, मुख्याध्यापिकाबाई आणि शिंपी असे तिघं जमले होते. हे मध्यभागी उभे होते. यांच्या हातात टेप होती.

"ओरखड्याची लांबी त्रेचाळीस सेंटिमीटर. जमिनीपासून उंची एकसष्ट. रंग पिवळा. आणि गाडी काल संध्याकाळी लावली होती तिथून चार सेंटिमीटर सरकलेली आहे. म्हणजे बघा धक्का केवढा असेल!"

"खांबाला तर घासली नसेल?" शिंप्यानं विचारलं. त्या इमारतीत थोडी अक्कल शिल्लक होती ती त्याच्याकडे.

"अहो, खांब हलत नाही," हे म्हणाले. "आणि गाडी मीच लावलेली, तीही हलली नाही. न हलणाऱ्या दोन वस्तू एकमेकांवर आदळतील कशा?"

घड्याळात आठचे ठोके पडले. मी तोंड उघडलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "अगं, एकतीस वर्षं गाडी चालवतोय," हे म्हणाले, "माझ्या हातून कधी कुठे लागली नाही. आणि कोणीतरी येतो, ठोकतो आणि सांगायची हिंमत नाही म्हणून पळून जातो. अशा माणसाला काय म्हणायचं, तूच सांग."

मी तोंड मिटलं. आत गेले. पाटी घेतली, दूध किती घ्यायचं वगैरे मौनात मी तीवर लिहिते, आणि लिहिलं: 'आज दिवसभर मौन.' देवाला न विचारता त्याच्या नावावर मी हे केलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी पाटी वाचली. "अहो वहिनी, आजच का? सुटणार कधी?"

काय सांगणार? मी वर पाहिलं. वर पंखा होता.

बाईंनी इतरांकडे वळून अगदी हळू आवाजात, वर्गात परीक्षा चालू असताना बोलतात तसं, सांगितलं, "समजलं मला. चोर सापडेपर्यंत बोलणार नाहीत त्या."

माझ्या हातून झालेली दुसरी चूक ही, की मी मान हलवून नाही म्हटलं नाही.

दुपारपर्यंत ही बातमी चारही मजले फिरली. वहिनींनी अन्न नाही सोडलं, पण वाणी सोडली. लोक गंभीर झाले. सेक्रेटरींनी सूचनाफलकावर कागद लावला. 'एका सात्त्विक भगिनीचं मौन हा आपल्या इमारतीवरचा डाग आहे,' असं त्यात होतं. शोधसमिती नेमली गेली. पिवळ्या रंगाचं वाहन शोधायचं, असा पहिला ठराव झाला. पाण्याचा टँकर हिरवा होता, म्हणून टँकरवाल्याला कोणी काही विचारलंच नाही. शिंप्याची स्कूटर पिवळी, म्हणून ती तीन दिवस अटकेत राहिली. शेवटी यांनी मोजून सांगितलं की तिचा कुठलाच भाग एकसष्ट सेंटिमीटरवर पिवळा नाही. मग शाळेची गाडी झाली, चौकातला आइस्क्रीमचा हातगाडा झाला. समिती रोज संध्याकाळी जमे ती नेमकी त्या पिवळ्या खांबाला टेकून.

मी आत सुटायची वाट शोधत होते. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी यांनी मला चहा करून आणून दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. "माझ्या गाडीसाठी तू बोलणं सोडलंस," हे म्हणाले. "माझ्यासाठी कोणी काही सोडेल असं मला वाटलं नव्हतं गं." चहात साखर नव्हती. तो मी सगळा प्यायले.

पाटीवर लिहिता आलं असतं. 'मी.' एकच अक्षर. एकदा लिहिलंही, आणि पदरानं पुसलं.

सहाव्या दिवशी विमा कंपनीचे तपासनीस आले. घामेजलेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी फॉर्म काढला. 'अपघातसमयी वाहन कोण चालवत होतं?' या रकान्यात यांनी ठसठशीत अक्षरात 'कोणी नाही' असं लिहिलं.

"खाली मालकांची सही लागेल," तपासनीस म्हणाले. "'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे,' इथे."

मालक मी. यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी ते टेबलावर ठेवलं. यांनी पुन्हा दिलं. मी पुन्हा ठेवलं.

"हिचं मौन आहे," हे म्हणाले.

"सहीला आवाज होत नाही हो."

"तुम्हाला अध्यात्म कळत नाही," मुख्याध्यापिकाबाई दारातून म्हणाल्या. त्या आमच्याकडे काही झालं की दारात असतात.

तपासनीसांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मालक शोकाकुल. सही नंतर.' जाताना ते यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. दारच बदलायचंय, माणूस वाचलाय."

आता आमच्या वॉचमनबद्दल सांगायला हवं. मी ते इतका वेळ लांबवलं, तसंच ते अकरा दिवस लांबवलं होतं.

त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते सलाम करतात, दूधवाल्यालाही, म्हणून हे नाव पडलं. साठी उलटलेली, गुडघे दुखरे, अकरा वर्षं फाटकावर. पहिल्या दोन दिवसांत पिवळं वाहन सापडेना तेव्हा समितीनं प्रश्न फिरवला: वाहन आलं तेव्हा वॉचमन कुठे होता? सुभेदार म्हणाले, "गच्चीवर. टाकीचं झाकण बघायला. सेक्रेटरीसाहेबांनीच सांगितलेलं आहे, टँकर आला की वर जायचं." सेक्रेटरींनी कामाची यादी काढली. गच्चीवर जाणं यादीत नव्हतं. "मी तोंडी सांगितलं असेल," ते म्हणाले, "पण लेखी तुम्ही फाटकावर होतात. आणि फाटकावर असून तुम्ही नव्हतात."

तिसऱ्या दिवशी सुभेदारांची खुर्ची काढून घेतली, बसलं की लक्ष राहत नाही म्हणून. पाचव्या दिवशी रेडिओ गेला. आठव्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही गेली. ती शिंप्याकडे दिली आणि शिंप्यानं तीत कोणाच्या तरी विजारीचं माप लिहिलं. सुभेदार फाटकाशी उभे राहायचे, एक गुडघा दुमडून, मग दुसरा. अकराव्या दिवशी, रविवारी, सभा होती. विषय एकच: महिनाअखेर त्यांना काढायचं.

दहाव्या दिवशी सकाळी मी दाणे टाकत होते. सुभेदार जवळ आले. सलाम केला.

"ताई, तुमचं मौन कधी सुटायचंय?"

मी दाण्यांकडे पाहत राहिले.

"नाही, घाई नाही," ते म्हणाले. "सहज विचारलं. उद्या सभा आहे ना." आणि परत फाटकाशी जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी मी पोथी उघडली नाही. उघडायचं धाडस झालं नाही.

रविवारी दहाला तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या. सुभेदारांना उभं केलं होतं. सेक्रेटरी कागद वाचू लागले. "सदर वॉचमन यांनी सकाळी सव्वासहा ते पावणेसात या वेळात कर्तव्यात कसूर करून, अज्ञात पिवळ्या वाहनास..."

मी उभी राहिले. "गाडी मी ठोकली."

अकरा दिवस न वापरलेला आवाज, त्यात मुळातच हळू. कोणालाही ऐकू गेलं नाही. "...आत येऊ दिले व त्यामुळे..."

"गाडी मी ठोकली," मी म्हणाले.

"वहिनी काहीतरी म्हणताहेत," शिंपी म्हणाला. "अहो, वहिनी बोलल्या!"

सगळे उठले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझे हात धरले. आवाज चढवायचा नाही, हा नेम मोडता येत नव्हता, म्हणून मी तिसऱ्यांदा, एकेक शब्द सोडवून म्हणाले, "गाडी. मी. ठोकली."

मला वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होऊ दे. आणि बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या. "पाहिलंत का? एका गरिबाची नोकरी वाचावी म्हणून स्वतःवर घेतलं! चौतीस वर्षांचा नेम मोडला बाईनं, दुसऱ्यासाठी!"

"मोडला नाही हो," मी म्हणाले. "खरंच मी..."

"बस, वहिनी, बस," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही दगड नाही."

मी यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही तरी..."

"अगं, तुला गाडी मागे घेता येत नाही," हे कौतुकानं म्हणाले. "जिला येतच नाही ती ठोकणार कशी?"

माझं आयुष्य खरं बोलण्यात गेलं, आणि एकदा गरज पडली तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस तिथे नव्हता. सेक्रेटरींनी वही उघडली. "लिहितो. 'वहिनींच्या शब्दाखातर वॉचमन यांना माफ करण्यात येत आहे.' टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मग सुभेदार बोलले.

"माफी कशाची, साहेब?"

"अहो, मिळतेय तर घ्या."

"नको मला. माफ केलं असं वहीत लिहिलं, म्हणजे मी केलं होतं असं झालं. मी केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

"ज्यांनी केलं त्यांनी आत्ताच सांगितलं की. तीनदा."

हे पुढे आले. "तुम्ही पाहिलंत?"

"गच्चीवरून. ताईंनी टँकरला वाट दिली, फाटकही लावलं. मग लागली."

"आणि अकरा दिवस गप्प बसलात?"

"ताईंचं मौन होतं," सुभेदार म्हणाले. "मौन सुटलं की त्या सांगणार, हे माहीत होतं. त्यांच्या आधी मी कशाला बोलू?"

जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण तळमजला फरशीचा होता. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. वहिनींचा स्वभाव मोठा, आणि याला नोकरी प्यारी. पुरावा काय?"

मी यांच्यासमोर हात पसरला. "चावी द्या."

"कशाला?"

"दाखवते."

हे नाही म्हणाले नाहीत. मी काही मागण्याची यांना सवय नाही, त्यामुळे नाही कसं म्हणायचं ते यांना माहीत नसावं. मी गाडी बाहेर काढली, खुर्च्या बाजूला सरकल्या, आणि मी उलटा गिअर टाकला. गाडी टीं-टीं करू लागली. आवाज वाढला की मी चाक वळवायची, कमी झाला की तशीच मागे जायची. आणि गाडी भिंत आणि खांब यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. यांनी वाकून दोन्ही बाजू मोजल्या. "मिलिमीटरचा फरक नाही!" हे ओरडले. "मलाही असं कधी जमलं नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "ही बाई गाडी ठोकेल?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "शक्य तरी आहे का?" सेक्रेटरींनी पुन्हा पेन उघडलं.

मी कबूल करते की क्षणभर मला आवडलं. उभ्या जन्मात मला कोणी गाडीवरून शाबासकी दिली नव्हती. मी आत बसून काचेतून बघत होते. सुभेदार टाळ्या वाजवत नव्हते. ते गुडघा बदलून दुसऱ्या पायावर उभे राहिले.

तेव्हा मला ते बटण आठवलं.

मी गाडी पुन्हा बाहेर काढली. "अगं, पुरे झालं!" हे म्हणत होते. मी बटण दाबलं. गाडी गप्प झाली, तशीच, त्या सकाळसारखी. मी चाक तसंच धरलं, मागे तशीच निघाले, आणि मला बरं वाटावं इतकी शांतता होती.

कर्रर्र.

हे गाडीजवळ आले. पहिल्या ओरखड्याखाली दुसरा, त्याचा जुळा भाऊ म्हणावा असा, आणि त्यातही पिवळा रंग. यांनी टेप काढली, वाकले, आणि न मोजताच ती गुंडाळून खिशात ठेवली. मग खांबाकडे बघत राहिले, जसं काही तो आत्ताच तिथे येऊन उभा राहिला होता.

"अहो, रागावू नका," मी काच खाली करून म्हणाले. ते वाक्य तयारच होतं.

हे खांबापासून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तो चहा बिनसाखरेचा होता ना? मला नंतर आठवलं."

"हो," मी म्हणाले.

शिंपी खांबापाशी वाकून खुणा पाहत होता. तो घसा खाकरून म्हणाला, "तशी, ही लाल खूण माझी असेल. मागच्या वर्षी दुकानाचा टेम्पो..."

"लाल मुख्याध्यापिकाबाईंच्या भाच्याची," सुभेदार म्हणाले. "तुमची त्याच्या खालची."

"माझ्या भाच्यानं?" बाई म्हणाल्या. "तो तर म्हणाला होता, बाजारात कोणीतरी..."

"बाई, तुम्ही शेजारी बसला होता."

मुख्याध्यापिकाबाईंना एकदम जिना चढून जावंसं वाटलं, पण गाडी वाटेत होती. सेक्रेटरींनी हसत विचारलं, "आणि पांढरी? ती बहुतेक माझी."

"नाही डॉक्टर. पांढरी जुन्या भाडेकरूंची. तुमच्या तीन आहेत, पण त्या पलीकडच्या बाजूला."

कोणी पलीकडे जाऊन बघितलं नाही. सेक्रेटरींनी मान खाली घातली, माफीचं पान काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. "काय लिहू?" त्यांनी सुभेदारांनाच विचारलं.

"मी केलं नाही, एवढंच लिहा. आणि टँकर आला की गच्चीवर जायचं, तेही."

सेक्रेटरींनी लिहिलं. सुभेदारांनी वही हातात घेऊन ते वाचलं, बोट फिरवत, दोनदा, आणि तारीख घालायला लावली. कोणीतरी त्यांची खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत. आमची गाडी खांबाला चिकटून आडवी उभी होती, तिच्यामुळे दोन गाड्या अडकल्या होत्या आणि फाटकाबाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. हे चावी घ्यायला पुढे आले. पुढे केलेला हात परत खिशात गेला.

"ताईंनाच काढू द्या," सुभेदार म्हणाले आणि लंगडत गाडीसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले. "ताई, खांबाकडे बघू नका. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. माझ्याकडे बघा."

अकरा दिवस मला तेवढंच जमलं नव्हतं. मी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आता या हळूहळू."